पाणी 35 फुटांवर गेलं की

माझ्यावर ताण आहे हे मला पहिल्यांदा सांगितलं ते दातांच्या डॉक्टरांनी. उजव्या कानाखाली दुखायचं, सकाळी भाकरीचा पहिला घास चावताना जबडा कटकट वाजायचा आणि दुपारपर्यंत कानशिलं ठणकत राहायची. अक्कलदाढ किडली असणार असं धरूनच मी गेले होते. डॉक्टरांनी दाढा पाहिल्या, मग दोन बोटांनी गालाचा स्नायू दाबला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "रात्री झोपेत दात खाता का?" त्यांनी विचारलं. घरी येऊन लेकीला विचारलं, ती माझ्याच खोलीत झोपते. ती म्हणाली, "रोजच खातीस की. आधी आवाजानं जाग यायची, आता सवय झाली."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते इथं मुद्दाम लिहिते, कारण हे दुखणं बऱ्याच जणांना कानाचं वाटतं, कुणाला अर्धशिशीचं. चावणं-गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटलेले, ही जबड्याची विश्रांतीची अवस्था. माणूस ताणात असला की दिवसा नकळत दात आवळतो, रात्री झोपेत घासतो. जास्तीचा चहा-कॉफी, तंबाखू, दारू आणि काही औषधं यांनीही ते वाढतं. माझ्या दाढांचे उंचवटे घासून सपाट झाले होते. जबड्याचं माप घेऊन रात्री दातांवर घालायचा नाइट गार्ड करून मिळाला. "यानं दात वाचतील. आवळणं थांबायचं तर त्याचं कारण बघावं लागेल," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

कारण विचारलं असतं तर मी एका शब्दात सांगितलं असतं, पूर.

आम्ही सांगलीच्या गावभागातले. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्याआधीचा 2005 चा पूर लोकांच्या डोक्यात मापासारखा बसलेला, त्यामुळे "तेव्हा पायरीपर्यंत आलं होतं, यंदाही तिथंच थांबेल" असा हिशेब घरोघरी चालला होता. पाणी थांबलं नाही. यांचं हरभट रोडला इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. मोटारी, पंखे, वायरीची बंडलं, सगळं चिखलात गेलं. आत्यांना (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो) बोटीतून काढावं लागलं. दुकान पुन्हा उभं करायला कर्ज काढलं आणि ते फेडता फेडता जुलै 2021 चा पूर आला. तेव्हापासून जून लागला की माझा हात सारखा फोनकडे जायचा. कोयनेचा विसर्ग किती क्युसेक, वारणा कुठवर आली, पुलाजवळ किती फूट. रात्री दोनला उठूनसुद्धा बघायचे. आमच्याकडं पावसाळ्यात भेटलेला माणूस "कसं काय" विचारायच्या आधी "पाणी किती झालं?" विचारतो, त्यामुळे यात काही वेगळं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

पण दात मी उन्हाळ्यातही खात होते. मार्चमध्ये तर सगळ्यात जास्त.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मनाचं काही बोलण्याआधी रक्त तपासायला लावलं, आणि ते मला फार पटलं. थायरॉइड जास्त चालत असेल तर छातीत धडधड, घाम, झोप न लागणं हे सगळं होतं. रक्त कमी असलं तरी जिना चढताना धाप लागते, हृदय जोरात पळतं. साखर, रक्तदाब, ईसीजीही झाला. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, बाकी सगळं ठीक होतं. धडधड थोडी उतरली, जबडा तसाच राहिला. मग त्यांनी विश्रामबागेतल्या एका समुपदेशक ताईंचा नंबर दिला. यांना सांगितलं तर ते म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलंय ना, मग जा की." एवढं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

ताईंनी पहिल्या भेटीत एक छोटी प्रश्नावली भरायला दिली. जीएडी-7 नावाची. मागच्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटणं, काळजी थांबवता न येणं, स्वस्थ बसता न येणं, चटकन चिडणं असे 7 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 21. दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासून बघावं असा संकेत आहे. माझे गुण दहाच्या पुढं होते. ताई म्हणाल्या, हा आकडा म्हणजे निदान नव्हे, आपण कुठून सुरुवात करतोय त्याची नोंद आहे. मी आयुष्यभर नोंदी लिहिलेली बाई, मला ते बरं वाटलं.

मी एका पतसंस्थेत आहे. ठेवीचं काऊंटर, संध्याकाळी पिग्मी एजंटांची रक्कम जमा करून घेणं, रोजकीर्द लिहून कॅश जुळवणं. त्यामुळे ताईंनी "एक वही करा" म्हटल्यावर मी रेघा मारूनच आणली. वेळ, काय घडलं, अंगात काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं, असे चार रकाने. मोठमोठं काही लिहायचं नाही, जबडा आवळल्याचं लक्षात आलं की एक ओळ.

त्या वहीनं मला चकित केलं. मला वाटलं होतं पुराच्या आठवणी, हप्त्याची तारीख, लेकीची नीटची परीक्षा अशा मोठ्या गोष्टींपुढं नोंदी पडतील. त्या पडल्या, पण थोड्या. बहुतेक ओळी संध्याकाळी साडेपाच ते साडेसातमधल्या होत्या. कॅश जुळायची असते, एजंट उशिरा आलेला असतो, तेवढ्यात आत्यांचा फोन येतो की गोळी कोणती घ्यायची, गुलाबी का पांढरी. लेकीचा क्लास सुटलेला असतो. पुढच्या दोन कामांचा विचार करत मी हातातलं काम करत असते आणि दात आवळलेले असतात. दुसरा ढीग रात्री साडेनऊनंतरचा होता. ऑफिसच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशीच्या वसुलीची यादी पडायची, फोन टिंग वाजायचा. मेसेज बहुतेक वेळा माझ्यासाठी नसायचाच. तरी प्रत्येक टिंगला पोटात गोळा. "मनातलं वाक्य" या रकान्यात तर दिवसामागून दिवस एकच वाक्य होतं, "माझ्याशिवाय हे होणार नाही."

इथून पुढं ताईंनी मला ताण म्हणजे शरीरात काय होतं ते समजावलं. नंतर मीही वाचलं. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी दाखवलं की धोका दिसला की शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडं वळतं, म्हणून भूक मरते आणि खांदे-मान-जबडा ताठतात. हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये मांडलं की कारण कुठलंही असो, थंडी, इजा, विष, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो आणि तो फार लांबला की शरीर थकून कोलमडतं. कॉर्टिसॉल हे त्यातलं दुसरं मोठं संप्रेरक. ते पहाटे वाढायला लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर जातं. सकाळी उठल्या उठल्या छातीवर दगड का असतो, याचं निम्मं उत्तर मला तिथं मिळालं. त्या वेळी मनात येणारे विचार जेवढे भयंकर वाटतात तेवढे नऊ वाजता वाटत नाहीत, हे मी पुढं वहीत तपासलं.

या यंत्रणेला शत्रू मानायचं कारण नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 2019 ला त्याच धडधडीनं आम्हाला रात्रीत जागं ठेवलं, कागदपत्रं काढायला लावली, आत्यांची औषधं पिशवीत घालायला लावली. गडबड तेव्हा होते जेव्हा यंत्रणा बंदच होत नाही. ब्रूस मॅकएवेन या शास्त्रज्ञांनी 1993 मध्ये यासाठी 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' ही कल्पना मांडली, सतत तयारीत राहिल्यानं शरीराची होणारी झीज. मला ते थकलेल्या कर्जासारखं कळलं. मुद्दल लहानच असतं, पण हप्ता थकत गेला की व्याजावर व्याज चढतं आणि शेवटी कर्जदाराला वाटतं आपण घेतलं तरी किती होतं! माझी दिवसातली एकेक भानगड लहान होती. मध्ये उतार पडत नव्हता.

यानंतर आम्ही जे केलं त्यावरच मला जास्त लिहायचंय. ताण म्हटलं की लोक थेट प्राणायामावर येतात. "टेन्शन घेऊ नको" हे तर आपल्याकडं येता-जाता मिळतं, आणि ज्याला मिळतं त्याच्या ते काही उपयोगाचं नसतं. ताईंनी एका कागदावर दोन भाग केले. रिचर्ड लझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले, त्यावरून. डाव्या बाजूला ज्या गोष्टी हलवता येतात, वाटता येतात, बदलता येतात. उजव्या बाजूला ज्या आपल्या हातात नाहीत, तिथं आपल्या मनाला आणि शरीराला सांभाळायचं. माझी सगळी ओझी मी उजव्या बाजूला लिहून काढली. ताईंनी एकेक ओळ घेऊन विचारलं, "हे खरंच हलत नाही का? कुणाला विचारलंत?"

आत्यांचं दुखणं, उजवीकडं. "दीर आहेत ना?" आहेत, चिंचवडला. "त्यांना कधी सांगितलं?" गुडघ्याच्या डॉक्टरांकडं मी न्यायची, औषधं मी आणायची, रात्री उठायला मी. भावजी दिवाळीला आले की आत्या त्यांना हसतमुखच दिसायच्या. मी कागद घेऊन बसले आणि आठवड्याभरात आत्यांसाठी काय काय करते ते लिहिलं. मग फोन केला. तक्रार न करता यादीच वाचून दाखवली. भावजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, मला वाटायचं दादा बघतोय सगळं." यांना वाटायचं मी बघतेय. आणि मला वाटायचं सगळ्यांना दिसतंय.

वाटणी सहज झाली असं नाही. आत्यांनी पुण्याला जायला साफ नकार दिला. "तिथं काय हाय माझं? दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. बोलायचं कुणाशी?" त्यांचं खरंच होतं. उतारवयात माणसाला हलवणं हा त्यांच्यासाठी ताणच, आणि माझा उतरवायचा म्हणून त्यांच्यावर घालायचा हे मला मंजूर नव्हतं. बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: हिवाळ्याच्या शेवटी, मार्चअखेरची धांदल सुरू व्हायच्या आधी, त्यांनी काही आठवडे चिंचवडला जायचं, परतताना मिरजेला वन्संकडं थांबायचं. दवाखान्याचा खर्च भावजींचा. संध्याकाळच्या गोळ्या यांनी द्यायच्या, त्यासाठी वारांचे कप्पे असलेली डबी आणली. गुलाबी का पांढरी, हा फोन त्या दिवसापासून बंद झाला. पंधरा-वीस रुपयांची कामं असतात आणि त्यापायी रोज दात झिजतात.

कर्जाचंही तसंच. हप्ता आमच्या कमाईच्या मानानं मोठा होता, दर महिन्याच्या आठ तारखेपासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नसे. मुदत वाढवून हप्ता कमी करून घेता येतो हे मला नोकरीमुळे माहीत होतं. एकूण व्याज जास्त जाणार हेही माहीत होतं. यांना ते तोट्याचं वाटायचं. मी दोन्ही आकडे कागदावर मांडले आणि म्हटलं, "हे जास्तीचं व्याज म्हणजे घरात बोलाचाली राहण्याची किंमत. मला ती द्यायची आहे." आम्ही अर्ज केला, हप्ता कमी झाला. पैशाच्या हिशेबात कुणी याला शहाणपणा म्हणणार नाही. आमच्या घरात मात्र महिन्याचे वीस दिवस परत मिळाले.

ऑफिसात मी शाखाधिकाऱ्यांना एवढंच सांगितलं की रात्री आठनंतर ग्रुप म्यूट ठेवते, तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन. ते "बरं" म्हणाले. रात्री फोन क्वचितच येतो.

आता पाण्याचं. हे मी उजवीकडं, हातात नसलेल्या गोष्टींत लिहिलं होतं आणि कुणीही तेच लिहील. पाऊस कोयनेच्या पाणलोटात पडतो, महाबळेश्वरला पडतो. 105 टीएमसीच्या धरणातून किती सोडायचं ते मी ठरवत नाही. खाली कर्नाटकात कृष्णेवरच असलेल्या अलमट्टी धरणावरून सांगली-कोल्हापूरकरांचे वाद वर्षानुवर्षं चालू आहेत. ताईंनी विचारलं, "पाणी हलवता येत नाही. तुम्ही हलायचं कधी, ते ठरलंय का?" ठरलेलं नव्हतं. म्हणून तर मी रात्रंदिवस बघत होते. प्रत्येक वेळी आकडा पाहिला की निर्णय नव्यानं घ्यायचा: आता निघायचं का, अजून थांबायचं का, आत्यांना उचलायचं का, दुकानातला माल वर घ्यायचा का. दिवसातून पन्नास वेळा तोच निर्णय, आणि पन्नास वेळा "बघू अजून."

एका रविवारी आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलो आणि लिहून काढलं. पाणी 30 फुटांवर गेलं की दुकानातल्या खालच्या दोन फळ्यांवरचा माल माळ्यावर. 35 फुटांवर गेलं की आत्या मिरजेला वन्संकडं, औषधांची पिशवी आणि डॉक्टरांच्या फायलीसकट. 40 ला, म्हणजे इशारा पातळीला, गॅस सिलिंडर, फ्रिज, लेकीची पुस्तकं गच्चीवरच्या खोलीत आणि आम्हीही मिरजेला. पावसाचा जोर असेल तर आणखी अलीकडं. सातबारा, दुकानाचं लायसन, विम्याची पॉलिसी, बँकेची पासबुकं, शाळेचे दाखले झिपच्या प्लास्टिक पिशवीत, आणि सगळ्यांचे फोटो काढून भावजींच्या फोनमध्ये. दुकानाचा विमा काढताना त्यात पूर धरलाय का हे नीट वाचून घेतलं. तो कागद फ्रिजवर चिकटवला. आकडा फक्त सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला बघायचा, जलसंपदा विभागाचा आणि महापालिकेचाच. ग्रुपवरचे व्हिडिओ उघडायचे नाहीत, त्यात बऱ्याचदा जुन्या पुराची चित्रं नवी म्हणून फिरत असतात. प्रशासनानं आधीच हलायला सांगितलं तर आमचा कागद बाजूला, लगेच निघायचं.

मागच्या पावसाळ्यात पाणी 35 वर गेलं. यांनी गाडी काढली, आत्या कुरकुर करत बसल्या, तासाभरात मिरजेला पोचल्या. नंतर पाणी थोडंसंच वाढलं आणि उतरलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उगंच नेलंत गं त्यांना, काय झालं काय?" मला त्याचं काहीच वाटलं नाही. निर्णय उन्हाळ्यात झालेला होता, पावसात फक्त पाळायचा होता. त्या रात्री मी झोपले. सलग नाही, पण दोन वाजता उठून फोन घेतला नाही.

उजव्या बाजूला जे खरोखर उरलं त्यासाठी श्वास आणि बाकीचं. दीर्घ श्वसन मला आधी जमलंच नाही. श्वासाकडं लक्ष दिलं की धडधड आणखी कळायची आणि भीती वाढायची. असं काहींना होतं, त्यांनी आपल्यातच काही कमी आहे असं समजू नये. ताईंनी मग स्नायूंपासून सुरुवात केली. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची ही पद्धत, 1920 च्या दशकातली. मूठ पाच सेकंद घट्ट आवळायची, मग सोडायची आणि सुटल्यावर हात कसा लागतो ते जाणवू द्यायचं. मग खांदे कानांपर्यंत उचलून सोडायचे, मग पोट, पावलं. जबडा मात्र आवळायचा नाही, दातांमुळे. तो फक्त सैल सोडायचा. आवळलेलं आणि सुटलेलं यातला फरकच मी विसरले होते. हा सराव बसल्यावर श्वास आपोआप आला. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, जोर न लावता, मिनिटाला साधारण सहा श्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंद होतात, म्हणून सोडणं लांब. कॅश मोजायला घेण्याआधी मी हे दोन मिनिटं करते. काऊंटरपलीकडच्या माणसाला कळतही नाही. नोटा मोजताना ओठ मिटलेले, दात सुटलेले, हे आठवावं म्हणून ड्रॉवरच्या आतल्या बाजूला हिरवी टिकली चिकटवली आहे.

चहा दुपारी चारनंतर बंद केला. कॅफिन निम्मं उतरायला चार-सहा तास लागतात, रात्रीपर्यंत ते अंगात राहतं. हे सगळ्यात अवघड गेलं, कारण पाचचा चहा ऑफिसात सगळ्यांबरोबर असायचा. आता मी गवती चहाचं पाणी घेऊन त्यांच्यात बसते.

काळजीसाठी वेळ ठरवायची, हा उपाय ऐकून मला आधी तो पोरकट वाटला होता. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये तो अभ्यासला. दिवसभरात काळजी आली की दोन शब्द लिहून ठेवायचे, "हिला रात्री बघते" म्हणायचं आणि हातातल्या कामाकडं परत यायचं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास बसून सगळ्या काळज्या एकदम करायच्या. झोपायच्या जागी मात्र बसायचं नाही. मी भांडी आवरल्यावर जेवणाच्या टेबलापाशी बसते. वही उघडली की दिवसभरातल्या निम्म्या ओळी वाचूनच निकाली निघतात. उरलेल्यांपुढं एकच प्रश्न, डावीकडची का उजवीकडची? डावीकडची असेल तर उद्याचं एक काम लिहायचं.

झोपेच्या गोळीबद्दल एक लिहायलाच हवं. ओळखीच्या बाईंनी मला त्यांच्याकडची पट्टी देऊ केली होती. "अर्धीच घ्या, छान झोप लागते." डॉक्टरांनी ठाम नको म्हटलं. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते, दुसऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही. पण म्हणून मानसोपचाराची सगळीच औषधं वाईट, असंही नाही. माझ्या मावसबहिणीला चिंतेच्या आजारासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिलं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागले, ते सवयीचं नव्हतं, आणि बंद करतानाही डॉक्टरांनी हळूहळू उतरवलं. ती आज व्यवस्थित आहे. मला औषध लागलं नाही, यात माझी काही बढाई नाही. तिचा आजार वेगळा होता आणि तिनं वेळेत दाखवलं.

नदीकडं जायला मी टाळत होते हे मला वहीमुळेच कळलं. घाटाकडची वाट सोडून मी लांबून ऑफिसला जायचे. ताईंच्या सांगण्यावरून हिवाळ्यात, पाणी तळाशी असताना, मुद्दाम जायला लागले. आधी पुलावरून, रिक्षात. मग चालत. मग घाटाच्या पायऱ्यांवर थोडं बसून. श्रावणी सोमवारी आत्यांना घेऊन हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला गेलो, कृष्णा-वारणेच्या संगमावर. पावसाळ्याचं पाणी होतं, लालसर, भरलेलं. पोटात गोळा आला. मी तिथून पळाले नाही, आत्यांचा हात धरून उभी राहिले, आणि गोळा दहा-पंधरा मिनिटांत उतरला. तो उतरतो, हे मला अंगानं कळायला हवं होतं.

सगळं सुटलंय असं मी सांगणार नाही. मार्चअखेरला ऑडिटच्या आधी मी अजूनही दात आवळते, वहीत तशा ओळी आहेत. लेकीचं नीटचं वर्ष आहे आणि तिचा ताण माझ्या दुप्पट. जेवताना अभ्यासाचं विचारायचं नाही असं तिनंच आम्हाला घालून दिलंय. हे फारसं बोलत नाहीत. एकदा माझ्याबरोबर ताईंकडं आले, पुराच्या रात्रीबद्दल थोडं बोलले आणि म्हणाले, "पुन्हा बघू." मी मागं लागत नाही, दार उघडं ठेवलंय.

ज्यांना खासगी समुपदेशकाची फी झेपत नाही त्यांच्यासाठी सांगते. सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. घरातून बाहेर पडणंच शक्य नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या नंबरवर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. मी एकदा केला होता, दुसऱ्या पुराच्या आठवणींनी झोप उडालेल्या शेजारणीसाठी. तिला आधी वाटलं, वेड लागलेल्यांचा नंबर आहे. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग तिच्या झोपेबद्दल, जेवणाबद्दल विचारलं, आणि जगणं नकोसं वाटतं का हेही सरळ विचारलं. हा प्रश्न विचारल्यानं तसे विचार डोक्यात भरत नाहीत, उलट माणसाला बोलता येतं. तसं वाटत असेल तर वाट बघू नये, लगेच फोन करावा किंवा कुणाला तरी बरोबर घेऊन दवाखान्यात जावं.

आत्यांचा चिंचवडचा मुक्काम यंदा जानेवारीत आहे. महिनाभर की सहा आठवडे, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. भावजींनी तिथल्या सोसायटीतल्या भजनी मंडळाची वेळ काढून ठेवली आहे.